टाळेबंदीतली शांतता नेमकी कशाची होती? लखनऊच्या ध्वनिमापकांकडून एक धडा

२२ मार्च २०२०. रविवार. लखनऊच्या हजरतगंजमध्ये रविवारी संध्याकाळी नुसते फिरायला जाण्याची इतकी जुनी सवय आहे की तिला तिथे ‘गंजिंग’ असे स्वतंत्र नावच मिळाले आहे. त्या रविवारी मात्र जनता संचारबंदीमुळे दुकाने बंद होती, मेट्रो थांबली होती आणि रस्ता रिकामा होता. संध्याकाळी पाच वाजता घराघरांतून थाळ्या, घंटा आणि शंखांचा नाद उठला. काही मिनिटांनी तो विरला आणि पुन्हा सारे शांत झाले. तीन दिवसांनी, २५ मार्चपासून, देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. रेल्वेच्या प्रवासी गाड्या थांबल्या, देशांतर्गत विमाने दोन महिने जमिनीवर राहिली, आणि भारतातली शहरे कित्येक दशकांत प्रथमच इतक्या दीर्घ काळासाठी शांत झाली.

त्या शांततेबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. पक्षी परतले, निसर्गाने मोकळा श्वास घेतला, असा बहुतेक लिखाणाचा सूर होता. त्यातला भावनेचा भाग खोटा म्हणता येणार नाही. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आवाज किती कमी झाला, कोणता कमी झाला, आणि त्यावरून टाळेबंदी नसतानाच्या शहराविषयी काय कळते? या तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष गेले, आणि खरे नुकसान तिथेच झाले.

लखनऊचे उदाहरण घेण्यास कारण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून उभारलेल्या राष्ट्रीय परिवेशीय ध्वनिमापन जाळ्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद यांच्याबरोबर सातवे शहर आहे ते लखनऊ. प्रत्येक शहरात १० अशी एकूण ७० केंद्रे अहोरात्र आवाज मोजतात. लखनऊत हजरतगंज, तालकटोरा, इंदिरा नगर, गोमती नगर आणि संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेचा परिसर ही त्यांपैकी काही. शिवाय याच शहरातील भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर शहरातील हवेबरोबर आवाजाचीही पाहणी करते. अमीनाबाद, चौक, चारबाग, आलमबाग अशा गजबजलेल्या भागांचा तिच्यात समावेश असतो. २०११ च्या जनगणनेनुसार लखनऊची लोकसंख्या सुमारे २८ लाख होती, म्हणजे नागपूरच्या २४ लाखांपेक्षा थोडी जास्त आणि पुण्याच्या ३१ लाखांपेक्षा थोडी कमी. मुंबई-दिल्लीच्या आकड्यांवरून नागपूर किंवा पुण्याची कल्पना करणे कठीण आहे. लखनऊवरून ती पुष्कळ नेमकी करता येते.

या सातही शहरांच्या नोंदी घेऊन दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी टाळेबंदीपूर्वीचा काळ, जनता संचारबंदीचा दिवस आणि टाळेबंदीचे टप्पे यांची तुलना केली. बहुसंख्य केंद्रांवर दिवसाची आणि रात्रीची पातळी उतरलेली दिसली. हे अपेक्षितच होते. पण काही थोड्या केंद्रांवर आवाज कमी न होता वाढला होता, आणि संशोधकांनी त्याचे कारण केंद्राच्या आसपासची माणसांची व वाहनांची वर्दळ असे दिले. ही दुसरी नोंद पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. ध्वनिमापक ‘शहर’ ऐकत नसतो, तो आपल्या भोवतालचे काही मीटर ऐकत असतो. त्या काही मीटरांत भाजीची गाडी उभी राहिली, की टाळेबंदी असो वा नसो, आकडा बदलतो.

आता डेसिबलकडे वळू. वर्तमानपत्रांत ‘आवाज ७० वरून ६० डेसिबलवर आला’ असे छापून येते तेव्हा वाचकाला वाटते की आवाज सातातला एक भाग कमी झाला. डेसिबलचे मोजमाप लघुगणकी आहे. १० डेसिबलची घट म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट घट. कानाला मात्र तो आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट बाजूने पाहिले तर, एखाद्या रस्त्यावरील वाहने त्याच वेगाने पण निम्म्या संख्येने धावू लागली, तर घट होते फक्त ३ डेसिबलची. १० डेसिबल उतरवायचे असतील तर दहांतली नऊ वाहने घरी बसवावी लागतात. रस्ता मोकळा झाला की उरलेली वाहने वेगाने धावतात, टायरांचा आवाज वाढतो, आणि मिळालेल्या घटीतला थोडा भाग पुन्हा हातचा जातो.

या साध्या हिशेबातून एक निराशाजनक निष्कर्ष काढता येतो, आणि तो अनेकांनी काढलाही: शहर शांत करायचे तर ते बंदच करावे लागेल. ज्यांना ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा जाच वाटतो, त्यांच्या हाती तर हा युक्तिवाद आयताच येतो. बाजार हवा असेल तर गोंगाट सोसा, शांतता हवी असेल तर टाळेबंदी आठवा.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे समजायला पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित पुरते.

भारतीय नियमांतली मर्यादा ‘समतुल्य पातळी’ या राशीवर ठरलेली आहे. ठरावीक काळात मापकापाशी जेवढी ध्वनिऊर्जा पोहोचली, तेवढीच ऊर्जा एकसारख्या, न बदलणाऱ्या आवाजाने पोहोचवली असती तर त्याची पातळी किती असती, तो हा आकडा. सरासरी ऊर्जेची असल्यामुळे मोठ्या आवाजाचे लहानसे क्षणही तिच्यावर अधिराज्य गाजवतात. समजा, एखाद्या रुग्णालयासमोरच्या रस्त्यावर तासभर ५५ डेसिबलचा एकसारखा आवाज आहे. त्या तासात मापकापाशी ९५ डेसिबल भरेल असा हॉर्न फक्त एक सेकंद वाजला. तासाची समतुल्य पातळी ५५ वरून जवळजवळ ६१ वर जाते. हॉर्न एकूण दहा सेकंद वाजला तर ती ७० च्या घरात पोहोचते. ३,६०० सेकंदांपैकी ३,५९० सेकंद रस्ता जसा होता तसाच आहे. केवळ दहा सेकंदांनी तासाचा हिशेब १५ डेसिबलने बिघडवला. वाहने निम्मी करून मिळतात ३ डेसिबल, आणि एकही वाहन न थांबवता, केवळ ते दहा सेकंद टाळून मिळतात जवळपास १५.

हे उदाहरण कागदावरचे आहे, प्रत्यक्ष रस्ता इतका सरळ नसतो. इंजिने, ब्रेक, जनित्रे, बांधकामे आणि ध्वनिक्षेपक यांची त्यात भर असते. पण त्यातून दिसणारी दिशा खरी आहे. टाळेबंदीत एकाच वेळी दोन गोष्टी थांबल्या होत्या. एक, शहराच्या कामकाजाचा सततचा, खालच्या पट्टीतला घरघराट. दोन, त्या घरघराटाच्या वर सुळक्यांसारखे उठणारे हॉर्न, मिरवणुकांचे डीजे आणि लग्नांच्या वराती. पहिला आवाज बऱ्याच अंशी उपजीविकेचा आहे. दुसऱ्यातला बराचसा केवळ सवयीचा आहे. टाळेबंदीच्या काळातली ‘शहर किती शांत झाले’ ही एकत्रित घट सांगून हे दोन्ही एका गाठोड्यात बांधले गेले, आणि म्हणून शांततेची किंमत म्हणजे उपजीविका, असा समज पसरला.

ती किंमत लखनऊला खरोखरच मोजावी लागली, हे विसरून चालणार नाही. चौकाच्या गल्ल्यांत चांदीचा वर्ख कुटणाऱ्यांच्या हातोड्यांना एक लय असते. चिकनच्या कापडावर नक्षी उमटवणाऱ्या लाकडी ठशांची थाप असते, फेरीवाल्यांच्या आरोळ्या असतात, चारबाग स्थानकावरच्या उद्घोषणा असतात. ते सगळे थांबले तेव्हा मापकाचा आकडा उतरला, पण त्या आकड्यामागे थांबलेली रोजंदारीही होती. पुढे एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा खाटा आणि प्राणवायू यांसाठी लखनऊत जी धावाधाव झाली ती देशाने पाहिली. त्या दिवसांतल्या निर्मनुष्य रस्त्यांवर रुग्णवाहिकांचे भोंगे लांबूनही ऐकू येत. डेसिबलच्या तक्त्यात ते दिवसही ‘शांत’च भरतील. म्हणून टाळेबंदीच्या शांततेला आदर्श म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. ती शहराची सुस्थिती नव्हती. एखादे उपकरण तपासण्यासाठी सर्व यंत्रे बंद करून घेतलेल्या पार्श्वभूमीच्या नोंदीशी तिची तुलना करता येईल. प्रयोगशाळेत अशी नोंद मौल्यवान मानली जाते, कारण तिच्याशी ताडून प्रत्येक स्रोताचा वाटा वेगळा काढता येतो.

भूकंपशास्त्रज्ञांनी तिचा असाच उपयोग केला. बेल्जियमच्या राजकीय वेधशाळेतील तोमा लकॉक यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांतील संशोधकांनी जगभरच्या २६८ भूकंपमापक केंद्रांच्या नोंदी तपासल्या. माणसांच्या हालचालींमुळे जमिनीत निर्माण होणारी कंपने २०२० मध्ये कित्येक ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरली होती. २६८ पैकी १८५ केंद्रांवर ही घट स्पष्ट दिसली. या गटाने तेवढ्यावर समाधान मानले नाही. माणसांची कंपने ओसरल्यामुळे एरवी त्यांच्याखाली झाकून जाणारे सूक्ष्म भूसंकेत ओळखता येतात आणि ते पुढच्या काळासाठी नमुना म्हणून वापरता येतात, हे त्यांनी दाखवले. बंद काळातल्या नोंदीतून चालू काळासाठी हत्यार घडवण्याची ही रीत होती.

पक्ष्यांचेही तसेच. एप्रिलमध्ये लखनऊच्या बागांत कोकिळा ओरडते, ती टाळेबंदी असो वा नसो. मलिहाबादच्या दशहरीच्या झाडांना कैऱ्या लागण्याचा तो हंगाम. २०२० मध्ये ती अनेकांना जास्त ऐकू आली, यावरून कोकिळा वाढल्या किंवा मोठ्याने ओरडू लागल्या असे सिद्ध होत नाही. पार्श्वभूमीचा आवाज ६ डेसिबलने उतरला, तर तोच पक्षी मोकळ्या जागेत साधारण दुप्पट अंतरावरून ऐकू येतो, म्हणजे चौपट क्षेत्रातले पक्षी कानाच्या टप्प्यात येतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात एलिझाबेथ डेरीबेरी आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या तुऱ्याच्या चिमण्यांवर केलेला अभ्यास याहून रंजक आहे. त्या चिमण्या शांततेत उलट हळू गाऊ लागल्या, तरीही त्यांचे गाणे आधीपेक्षा सुमारे दुप्पट अंतरापर्यंत पोहोचत होते. हा निष्कर्ष काढता आला, कारण त्या संशोधकांकडे आधीच्या वर्षांची ध्वनिमुद्रणे होती. तुलनेला जुनी नोंद नसेल तर निरीक्षण आठवणीच्या पलीकडे जात नाही.

शांततेची दुसरी बाजू लंडनने दाखवली. २०२० च्या वसंतात तिथल्या टाळेबंदीत महानगरातला रस्त्यांचा आवाज उतरला, पण आवाजाविषयीच्या तक्रारी मात्र आधीच्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा ४८ टक्क्यांनी वाढल्या. घरात कोंडलेल्या माणसांना शेजाऱ्यांचे आवाज जाचू लागले. यंत्र मोजते ती पातळी आणि माणसाला होणारा त्रास या दोन वेगळ्या राशी आहेत. एका खोलीत सहा माणसे राहतात त्या घरात टाळेबंदी शांत असेल, अशी कल्पना कोणी केली नसावी. पण शहराचा आकडा सांगताना ते घर हिशेबातून गळून पडते.

मग सवयीचा आवाज उपजीविकेपासून वेगळा काढता येतो का? याचा एक प्रयोग महामारीच्या उंबरठ्यावरच, टाळेबंदीच्या काही महिने आधी, मुंबईत झाला होता. तिथल्या वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलना ध्वनिमापक जोडले. लाल दिव्यापाशी वाट पाहणाऱ्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाई. जानेवारी २०२० च्या अखेरीस त्याची चित्रफीत देशभर पसरली, लोक हसले, दिल्ली-बंगळुरूपर्यंत चर्चा झाली. थोड्याच आठवड्यांत महामारी आली आणि विषय मागे पडला. विनोद बाजूला ठेवला तर त्यातला मुद्दा पक्का होता: थांबलेल्या गाडीने वाजवलेल्या हॉर्नमुळे कोणीही लवकर पोहोचत नाही, कोणाची विक्री वाढत नाही, कोणाची मजुरी वाढत नाही. तो आवाज काढून घेतल्याने शहराचे काहीच थांबत नाही.

कायदा या बाबतीत मागे नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, तर रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीच्या किमान १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेचा संबंध राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काशी जोडला आणि निवासी भागात रात्री हॉर्न वाजवण्यास, अपवाद वगळता, मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशी रस्त्यांच्या आवाजाकरिता रात्री ४५ डेसिबलच्या आत राहण्यास सांगतात. भारतीय निवासी मर्यादाही तीच आहे. कागदावर फरक नाही. फरक हा की रात्री दोन वाजता निर्मनुष्य चौकात हॉर्न वाजवणाऱ्याला त्या कागदाची आठवण करून देणारे कोणी नसते.

टाळेबंदीच्या नोंदींनी खरे तर ही आठवण करून द्यायला हवी होती. त्यासाठी तीन गोष्टी करता आल्या असत्या आणि अजूनही करता येतील. पहिली, प्रत्येक केंद्रासाठी २०२० च्या एप्रिलची पार्श्वभूमी जाहीर करणे. इथे समतुल्य पातळीबरोबर आणखी एक आकडा लागतो: मोजणीच्या ९० टक्के वेळ आवाज ज्याच्या वर असतो ती पातळी. तिला त्या जागेचा तळ म्हणता येईल. समतुल्य पातळी आणि तळ यांच्यातले अंतर जितके मोठे, तितका त्या जागेवर सुळक्यांचा, म्हणजे बहुधा टाळता येण्याजोग्या आवाजाचा, वाटा मोठा. दुसरी, हे दोन्ही आकडे दर तासाला, विद्यार्थ्यांना उतरवून घेता येतील अशा स्वरूपात उपलब्ध करणे. केवळ मासिक किंवा वार्षिक सरासरीत तो दहा सेकंदांचा हॉर्न पुरला जातो. तिसरी, कारवाईची सुरुवात संपूर्ण शहरापासून न करता रुग्णालयांच्या भोवतीच्या १०० मीटरपासून करणे. ज्या शहराने २०२१ मध्ये आपल्या रुग्णालयांची दारे इतक्या जवळून पाहिली, त्याला या १०० मीटरचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

विद्यार्थ्यांनाही यात वाटा उचलता येतो. मोबाइलवरील ध्वनिमापनाची ॲप्स अंशांकित नसतात, त्यामुळे त्यांचा आकडा न्यायालयात टिकणार नाही. पण एकाच मोबाइलने, एकाच खिडकीतून, एकाच वेळी, महिनाभर घेतलेल्या नोंदींतला फरक पुष्कळ विश्वासार्ह असतो. महाविद्यालयासमोरच्या रस्त्यावर तासभरात किती वेळा हॉर्न वाजला आणि त्यांतल्या किती वेळी समोर खरोखर अडथळा होता, एवढे दोन रकान्यांत लिहिले तरी एका प्रकल्पाची सामग्री जमते. नागपूरच्या सीताबर्डीत किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर हे लखनऊइतकेच सहज करता येईल.

१ जून २०२० पासून निर्बंध टप्प्याटप्प्याने उठू लागले. ७ सप्टेंबरला लखनऊची मेट्रो पुन्हा धावली. हजरतगंजमध्ये माणसे परतली, चौकात हातोड्यांची लय परतली. या आवाजांचे परतणे शहराच्या बरे होण्याची खूण होती, आणि त्यांच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. त्यांच्याबरोबर हॉर्नही परतले. वर्ख कुटणाऱ्याचा हातोडा आणि लाल दिव्यापाशी अडलेल्या मोटारीचा हॉर्न यांत फरक करण्याची जी संधी त्या उन्हाळ्याने दिली होती, ती नोंदींच्या रूपाने सात शहरांत अजून पडून आहे. ती वाचण्यासाठी पुन्हा शहर बंद करण्याची गरज नाही.